टायरची वही : ४,२०० किलोमीटर, सात पंक्चर, दोन तारा

काल रात्री सायकलचा मागचा टायर उतरवला. मधोमध इतका चपटा झालाय की आडवं बोट फिरवलं तर दोन्ही बाजूंना कड लागते. झीज कळावी म्हणून या टायरच्या ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबरात, दोन बारीक खड्डे असतात, त्यातला एक गायब, दुसरा नखाला जेमतेम लागतो. पुढचा मात्र अजून गुळगुळीत गोल. वजन मागे जास्त, गाडी ढकलणारं चाकही तेच, तेव्हा हे व्हायचंच होतं.

आधीची जोडी २५ मिमीची, हलकी, शर्यतीसाठीची. २,६०० किलोमीटरमध्ये ११ पंक्चर. ही २८ मिमीची, ट्रेडखाली संरक्षक पट्टा असलेली. रस्ते तेच : आठवडाभर सिंहगडाचा पायथा नाहीतर पानशेत, रविवारी सातारा रोडने खंबाटकीपर्यंत. ४,२०० मध्ये सात. तीन तारेचे, एक सराट्याचा, एक काचेचा, एक खड्ड्याचा आणि एक सर्वस्वी माझा. घाईत टायर बसवताना लिव्हरखाली ट्यूब चिमटली. पट्ट्याला त्याचा दोष देता येणार नाही.

तारेचे तीन म्हटले, पण तारा दोनच होत्या. त्याची गोष्ट सांगतो.

ऑगस्टमध्ये खेड-शिवापूरच्या पुढे मागचं चाक हळूहळू बसलं. टायरमध्ये आतून बोट फिरवलं, काही लागलं नाही, नवी ट्यूब टाकली, निघालो. सहा किलोमीटरवर पुन्हा तेच. स्पेअर संपली होती. सायकल ढकलत एका पंक्चरवाल्या दादांकडे गेलो. माझ्या ट्यूबचा प्रेस्टा व्हॉल्व्ह (शर्यतीच्या सायकलींना असतो तो बारीक, लांब) बघून ते म्हणाले, "हे काय खेळण्यातलं आहे का?" पण टायर मात्र त्यांनी असा उलटा केला की बघत राहावं. हातात कापसाचा बोळा घेऊन तो आतल्या बाजूने सावकाश फिरवला. अर्ध्या फेरीत कापूस अडकला, एक तंतू मागे राहिला. "हे बघा. चोर घरात ठेवून कुलूप बदलताय तुम्ही."

पकडीने ओढून काढली तर जेमतेम सेंटिमीटरभर तार. केसाहून थोडी जाड. बाहेरून टोक दिसत नव्हतं, आत अर्धा मिलिमीटर आलेलं. ट्यूबचं पंक्चर त्यांनी काढून दिलं, पण कॉम्प्रेसरचं तोंड माझ्या व्हॉल्व्हला बसेना, हवा मीच हातपंपाने मारली. तेव्हापासून पितळेचा अ‍ॅडॅप्टर पिशवीत आहे.

या तारा येतात ट्रकच्या टायरमधून. रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर फुटला की त्याच्या चिंध्या रस्त्यावर पडतात, त्या कुजत नाहीत, त्यांतून तारा सुटत राहतात. वाहनांच्या चाकांनी आणि वाऱ्याने सगळा कचरा कडेच्या पट्ट्यात जमतो, आणि आपण नेमके तिथूनच चालवतो. टायरमधला पट्टा बहुधा नायलॉनसारख्या धाग्यांचा विणलेला असतो (कॉन्टिनेंटलच्या जीपी ५००० मध्ये व्हेक्ट्रान नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याचा). काच, काटा अशा रुंद गोष्टी त्याला अडतात. तार मात्र धाग्यांच्या मधून शिरते आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला टायर दबला की थोडी आत सरकते. म्हणून हवा एकदम जात नाही.

श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लससारख्या टायरमध्ये ५ मिमी जाडीचा रबरी थर असतो, त्यातून एवढीशी तार पार होणं अवघड. पण त्याचं वजन सिंहगडाच्या चढावर पायांना कळतं. रोज ऑफिसला जाणाऱ्याने जरूर घ्यावा. मला चढावर वरातीचा घोडा व्हायचं नाही.

सराट्याच्या काट्याने साइडवॉलमधून, म्हणजे टायरच्या बाजूच्या पातळ भागातून, डाव साधला. पट्टा फक्त ट्रेडखाली असतो, हे तेव्हा नीट डोक्यात शिरलं. फोटो काढायला सायकल गवतात उतरवली, तो फोटोही धड आला नाही.

काचेचा पंक्चर भर पावसात. शाळेच्या प्रयोगशाळेत रबरी बुचाला भोक पाडताना बोअररला पाणी किंवा ग्लिसरीन लावायचो, आठवतंय? ओलं रबर तसंच सहज कापलं जातं. शिवाय पाण्याखाली काच दिसत नाही आणि ओल्या टायरला चिकटून दोन-चार फेऱ्या जास्त फिरते.

खड्ड्याचा पंक्चर आळसाचा. दहा दिवस हवा बघितली नव्हती. ब्यूटाइल ट्यूबमधूनही हवा हळूहळू उतरतेच. पुलाच्या जोडाच्या कडेवर चाक आदळलं, ट्यूब रिमखाली चेचली, साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं. माझं वजन ७६ किलो. आता मागे ८०, पुढे ७२ पीएसआय ठेवतो. आधीच्या २५ वर ११० मारायचो, कुणीतरी सांगितलं म्हणून. दात खिळखिळे व्हायचे.

बदललेल्या सवयी दोनच. परत आल्यावर ओल्या फडक्याने टायर पुसून, चाक फिरवत चिरांमधली काच सुईने काढतो. आणि टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर ठेवतो. ट्यूबचं भोक सापडलं की टायरमध्ये कुठे शोधायचं ते लगेच कळतं. या दोन्ही गोष्टी तारेच्या दिवसानंतरच्या. पट्टा विकत मिळतो, सवयी अंगवळणी पाडाव्या लागतात.

नवा टायर एकच आणलाय, तो पुढे. पुढचा जुना मागे. चांगलं रबर पुढे हवं, पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. थंडीत २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची आहे, साडेतेरा तास मिळतात, पण माझ्या वेगात दोन पंक्चरांपुरतीच सवड उरते.

उतरवलेल्या टायरच्या साइडवॉलचा चार बोटं तुकडा कापून सॅडल बॅगेत ठेवला, मोठी चीर पडली तर आतून लावायला. आणि ती तार वहीत चिकटपट्टीखाली आहे, नोंद ४ च्या शेजारी. दुसरी तार काढताना हातातून उडाली, ती बहुधा अजून बाल्कनीतच आहे. अनवाणी जात नाही तिकडे.