लँडलाइनचे दर मोकळे केले, पण टोपलीत कोण होतं?

ब्रिटनमध्ये 1984 साली ब्रिटिश टेलिकॉम, म्हणजे बीटी, खासगी झाली तेव्हाच तिच्या लँडलाइनच्या दरांना वेसण घातली गेली. हिशेब सोपा होता: महागाईच्या दरातून एक ठरलेला आकडा वजा करायचा. सुरुवातीला तो 3 होता, 1993 पासून 7.5. म्हणजे महागाई 3 टक्के असेल, तर कॉल आणि लाइनचं भाडं यांची जी एकत्र टोपली धरली जाई, तिचा दर त्या वर्षी साडेचार टक्क्यांनी उतरवायचाच.

मेख या टोपलीतच असते. सरासरी उतरली की नियम पाळला गेला. मग जिथे स्पर्धा आहे ते लांबचे कॉल स्वस्त करायचे आणि दरमहाचं भाडं वाढवायचं, हे कंपनीला सोयीचं. महिन्याला चार फोन करणाऱ्या घराला त्यातून काहीच मिळत नाही. 1997 मध्ये ही खोट दुरुस्त झाली: बिल कमी येणाऱ्या 80 टक्के घरगुती ग्राहकांच्या वापरावरून टोपली भरायची. मला ही दुरुस्ती अख्ख्या सूत्राहून मोलाची वाटते.

ऑगस्ट 2006 मध्ये नियामक ऑफकॉमने ग्राहकांच्या दरांवरचं हे बंधन काढलं. ते योग्यच होतं. इतर कंपन्या बीटीची लाइन घाऊक दराने घेऊन स्वतःचं बिल देत होत्या. केबल आणि मोबाइल होतेच. घाऊक दरावरचं नियंत्रण मात्र ठेवलं. तेही सोडलं असतं, तर स्पर्धा उभी राहायला जागाच उरली नसती.

चूक झाली ती दुसरीकडे. कंपन्यांची चढाओढ होती ब्रॉडबँड, टीव्ही आणि फोन एकत्र घेणाऱ्यांसाठी. नुसता फोन ठेवणारे बरेचसे वयस्क, त्यातल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी कंपनी कधीच बदललेली नव्हती. घाऊक लाइन स्वस्त होत गेली आणि यांचं भाडं चढतच राहिलं. शेवटी ऑफकॉमने दबाव आणल्यावर बीटीने एप्रिल 2018 पासून अशा ग्राहकांचं दरमहाचं भाडं 18.99 पौंडांवरून 11.99 वर आणलं. वर्षाला 84 पौंडांची बचत.

म्हणून बंधन काढण्याआधी नुसत्या फोनवाल्यांची बिलं बाजूला काढावीत, भाडं आणि कॉल वेगवेगळे मोजावेत आणि त्या गटाच्या भाड्यावर कमाल मर्यादा राहू द्यावी. भारतात दूरसंचार नियामक ट्रायने बहुतेक दर मोकळे सोडले, तेव्हा ग्रामीण लँडलाइन नियंत्रणातच ठेवली होती.