इकेंगाचा उजवा हात

पडद्यावर मूर्ती पुरी झाली आणि तिच्या दोन्ही हातांत तुतारी दिसली.

ही मूर्ती म्हणजे इकेंगा, नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या घरातल्या पूजेतली लाकडी मूर्ती. आमच्याकडे होता तो तिचा फक्त डावा अर्धा भाग. एक शिंग, अर्धा चेहरा, डाव्या मुठीत हस्तिदंती तुतारी, खाली बैठकीच्या तिवईचा अर्धा गोल. उंची ३४ सेंटिमीटर, वजन ४६० ग्रॅम. संग्रहालयाच्या जुन्या नोंदवहीत एवढंच होतं: ‘इकेंगा, इग्बो, दक्षिण नायजेरिया. तडा जाऊन अर्धी बाजू नष्ट. अपूर्ण.’ प्रदर्शनासाठी आलेल्या कामाच्या कागदावर सूचना होती की हरवलेली बाजू हलक्या साहित्यात बनवून मूर्ती उभी करावी. अशा कामाची रीत ठरलेली आहे. असलेल्या भागाचा त्रिमितीय स्कॅन घ्यायचा, तो आरशातल्यासारखा उलटा करायचा, त्यावरून बाल्सा लाकडाचा गाभा कापायचा आणि वर इपॉक्सी पुट्टीने आकार द्यायचा. मूळ लाकडाला जी बाजू टेकणार तिथे आधी पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा थर द्यायचा, म्हणजे पुढे कधी काढायचं झालं तर ॲसिटोनने सुटतं.

साध्या चेहऱ्याला ही युक्ती बरी चालते. इकेंगाला ती लावली आणि मूर्तीचा अर्थच गेला. इग्बो भाषेत उजव्या हाताला ‘आका इकेंगा’ म्हणतात. अशा बैठ्या इकेंगाच्या उजव्या हातात सुरा असतो. माणूस काय करू शकतो ते त्या हातात. डाव्या हातात त्याने काय मिळवलं ते: कापलेलं डोकं, हस्तिदंत किंवा काठी. उलटवलेल्या स्कॅनने सुरा पुसून तिथे दुसरी तुतारी ठेवली होती. कमाई दोन्ही हातांत, आणि ती करणारा हात कुठेच नाही. मी स्कॅन बंद केला आणि भिंगाखाली मूर्तीची दुभंगलेली बाजू घेतली. खरं तर ती आधी पाहायला हवी होती.

इथे ‘ची’बद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय इकेंगा कळत नाही. पारंपरिक इग्बो धारणेत प्रत्येक माणसाबरोबर त्याचा स्वतःचा ची, म्हणजे त्याचा एकट्याचा देव, असतो. एका आईच्या पोटची दोन मुलं, पण त्यांचा ची एक नसतो. एकाचं भलं होतं आणि दुसऱ्याचं होत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. वाट्याला काय येणार ते जन्माआधीच ठरतं, आणि त्यासाठी भाषेत शब्द आहे ‘आकारा आका’, हातावरच्या रेषा. मराठी वाचकाला इथे सटवाई आठवेल. पण सटवाई रात्री येऊन कपाळावर लिहून जाते, पुन्हा तिची गाठ नाही. ची जात नाही. तो जन्मभर सोबत असतो, त्याला नैवेद्य दाखवता येतो, गाऱ्हाणं घालता येतं. ‘ओन्ये क्वे, ची या एक्वे’ अशी प्रसिद्ध म्हण आहे: माणूस हो म्हणाला की त्याचा ची हो म्हणतो.

ही म्हण फार वेळा एकटीच सांगितली जाते आणि मग ची म्हणजे नुसती जिद्द वाटू लागते. तिच्याबरोबर पैलवानाची लोककथाही सांगितली पाहिजे. जमिनीवरचे सगळे मल्ल हरवून तो आत्म्यांच्या मुलखात जातो, तिथेही सगळ्यांना लोळवतो, परत फिर म्हटलं तरी ऐकत नाही. शेवटी त्याचा स्वतःचा ची समोर येतो, काटकुळा, हडकुळा. तो त्याला एका हाताने उचलतो आणि खडकावर आपटतो. म्हण आणि कथा दोन्ही त्याच लोकांच्या आहेत. माणूस ‘हो’ म्हणू शकतो, पण त्यालाही हद्द आहे, आणि ती हद्द ज्याची त्याची वेगळी.

ची वाटा देतो आणि तो वाटा प्रत्यक्ष कमावण्याचं बळ म्हणजे इकेंगा. सुताराने कोरून दिलेला इकेंगा नुसतं लाकूड असतो. विधीने बसवल्यावरच तो इकेंगा. मग तो ओबीत, म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाच्या बैठकीच्या घरात, ठेवला जातो आणि त्याला कोला फळ, ताडाची दारू, कोंबड्याचं रक्त, न्झु म्हणजे पांढरी खडूमाती वाहिली जाते. वर्षानुवर्षांच्या या वाहण्याची पुटं लाकडावर चढतात. आमच्या तुकड्यावर हे पूट कुठे १ तर कुठे ३ मिलिमीटर जाड होतं. शिंगाच्या बुडाशी त्यात कोंबड्याच्या पिसाचा ४ मिलिमीटरचा धागा अडकलेला होता, अजून तांबूस.

आता दुभंगलेली बाजू. लाकूड वाळून पडलेला तडा ओळखायला सोपा असतो. अख्ख्या ओंडक्यातून कोरलेल्या मूर्तीत लाकडाचा मध्यगाभा आतच राहतो. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राच्या दिशेने आकसतं, आणि हा ताण कुठेतरी फुटून निघतो. दमट हवेतून आलेली वस्तू हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या खोलीत ठेवली की हमखास. असा तडा बाहेर रुंद आणि गाभ्याकडे निमुळता होत जातो. या तुकड्याच्या पाठीवर तसा एक तडा होताच, ९ सेंटिमीटर लांब, तोंडाशी २ मिलिमीटर रुंद. त्याच्या आत पूट उतरलेलं होतं, म्हणजे मूर्ती पूजेत असतानाच तो पडला, आणि मूर्ती त्यानंतरही पूजेत राहिली.

मोठी फाट मात्र वेगळी होती. डोक्यावर, शिंगाच्या बुडाला लागून, पहिले १४ मिलिमीटर लाकूड सपाट आणि गुळगुळीत, कडेचे तंतू आत दबलेले. हे धारदार पात्याचं काम. त्याखाली तंतू उपसत, पायऱ्या पडत, तळापर्यंत फाटत गेलेले. बाहेरचं पूट फाटीच्या काठापर्यंत येतं आणि तिथे काचेसारखं तुटतं. आतल्या उघड्या लाकडावर पुटाचा कणही नाही, फक्त रेषांमध्ये लाल मातीचे कण. उभ्या मूर्तीच्या माथ्यावर मधोमध एकच घाव बसला होता. तो शेवटच्या नैवेद्यानंतरचा होता, आणि नंतर कोणी काही वाहिलं नाही.

इकेंगा असा फोडण्याची कारणं माहीत आहेत. एक म्हणीतच आहे: इकेंगा उपयोगी पडत नसेल तर त्याचं जळण करतात. दुसरं, मालकाचा मृत्यू. इग्बो मुलखाच्या काही भागांत माणूस गेला की त्याचा इकेंगा दोन भागांत फोडायचा, एक त्याच्याबरोबर पुरायचा, दुसरा टाकून द्यायचा अशी रीत होती. कुठे कुठे तो वारसाकडेही जाई, तेव्हा सगळ्या इग्बो गावांना एकच नियम लावू नये. जळणासाठी फोडलेलं लाकूड घराबाहेर पडत नाही, चुलीत जातं. आमचा तुकडा टाकून दिलेला अर्धा असावा असं मला वाटलं, पण भिंगाखालच्या खुणांवरून एवढं बोलणं धाडसाचं होतं.

दुपारी नायजेरियातल्या ऑका भागातल्या एका निवृत्त शिक्षकांना फोटो पाठवले. ते या संग्रहासाठी सल्ला देतात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला तुकडा हळूहळू फिरवायला सांगितला. माथ्यावरचा घाव दिसल्यावर म्हणाले, “थांबा. तिथेच धरा.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

“सर, उरलेला अर्धा भाग शोधता येईल असं काही...”

“तो हरवलेला नाही,” ते म्हणाले. “तो ज्याचा होता त्याच्यापाशी आहे. माणसाचा ची त्याच्याबरोबर जातो. मग त्याचा उजवा हात मागे ठेवून काय करायचं?”

मूर्ती उभी करण्याचा बेत तिथेच संपला. प्रदर्शनवाल्यांना ते पटवायला तासभर गेला, आणि पटवलं ते स्कॅनच्या चित्राने. दोन तुताऱ्यांची मूर्ती लोकांसमोर ठेवणं म्हणजे त्या माणसाबद्दल खोटं सांगणं, हे त्यांना पाहताच कळलं.

उरलेलं काम स्थिर करण्याचं. आधी विषाची तपासणी. जुन्या संग्रहांत किडीसाठी आर्सेनिकची भुकटी सर्रास वापरत. क्ष-किरणांच्या हातातल्या यंत्राने तळाशी आर्सेनिक दाखवलं, त्यामुळे पुढचं सगळं नायट्राइल हातमोजे आणि एफएफपी-३ मास्क लावून. पांढरा थर बुरशीचा असल्याची शंका आधीच्या कोणीतरी लिहून ठेवली होती आणि पुसून काढायची शिफारसही केली होती. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे नव्हते. इन्फ्रारेड तपासणीत तो थर केओलिन मातीचा निघाला, म्हणजे न्झु. ओल्या बोळ्याने एकदा पुसलं असतं तर पिढीभराचं वाहणं कापसावर आलं असतं.

पुटाच्या सुटू पाहणाऱ्या खपल्या बसवायच्या होत्या. पाण्यात कालवलेला माशाचा सरस कोपऱ्यात एका ठिपक्यावर लावून पाहिला. खडूमातीने पाणी ओढलं आणि कडेला तपकिरी वळ उठला. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ टक्के क्लुसेल, म्हणजे सेल्युलोजपासून बनवलेला डिंकासारखा पदार्थ, घेतलं आणि दोन शून्याच्या कुंचल्याच्या टोकाने, खपलीच्या मागून, एका वेळी एक थेंब. घाईने जास्त सोडलं की थर चकाकू लागतो, आणि ती चकाकी पुन्हा काढता येत नाही. सत्तावीस खपल्यांना साडेतीन तास लागले. पिसाचा धागा जिथे होता तिथेच ठेवला. पाठीवरचा तडा भरला नाही, फाटीतली माती काढली नाही.

नोंद बदलली. ‘तडा जाऊन अर्धी बाजू नष्ट’ हे खोडून लिहिलं: ‘पात्याच्या घावाने हेतुपुरस्सर दुभंगलेली, बहुधा मालकाच्या मृत्यूनंतर. डावा भाग.’ ‘बहुधा’ हा शब्द राहू द्यावा असा मी आग्रह धरला. ‘अपूर्ण’ काढून टाकलं.

पेटीचा फोम कापायच्या आधी त्या शिक्षकांना आणखी एक विचारलं: तुकडा टेकू देऊन उभा ठेवू की आडवा? काम झालेला इकेंगा उभा करू नये, असं ते म्हणाले. म्हणून प्लास्टाझोट फोममध्ये पाठीच्या आकाराची खाच कापली, वर आम्लविरहित कागद अंथरला, आणि तुकडा आडवा निजवला, फाट उजवीकडे. त्या बाजूला फोममध्ये सहा सेंटिमीटर जागा रिकामी सोडली आहे. झाकणावर आर्सेनिकची पिवळी चिठ्ठी आहे आणि तिच्याखाली सूचना: ‘रिकामी जागा भरू नये.’