पूर्ण वर्ग करताना सहगुणकाचं काय करायचं

दहावीला वर्गसमीकरणात उजवीकडे शून्य असायचं. क्ष² चा सहगुणक, म्हणजे त्याच्या मागे गुणलेला आकडा, नकोसा वाटला की सगळ्याला त्यानं भागायचं, की मोकळं. अकरावीत तीच राशी 'य =' च्या पुढे आली, तिचा शिरोबिंदू, म्हणजे आलेखाचं सगळ्यात वरचं किंवा खालचं टोक, विचारला, आणि माझं घोडं तिथंच अडलं. शून्याला कशानंही भागा, शून्यच राहतं. य ला भागलं तर य बदलतो.

कॉलेज तालुक्याला. परतीच्या एसटीला वेळ होता तेव्हा सरांनी फळ्यावर क्ष² + ६क्ष काढून दाखवलं. क्ष बाजूचा चौरस, उजवीकडे ३ रुंदीची पट्टी, खाली तशीच दुसरी. कोपऱ्यात ३ × ३ ची जागा रिकामी. तिथं ९ घातले की चौरस पुरा होतो. पण य तोच राहायला हवा, म्हणून घातलेले ९ लगेच वजा करायचे. झालं (क्ष + ३)² − ९. 'निम्मं करा, वर्ग करा' हे मी दहावीत नुसतं पाठ केलं होतं. ते का करायचं, हे त्या कोपऱ्यानं सांगितलं. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञानं क्ष² + १०क्ष = ३९ हे अशाच आकृतीनं सोडवलं होतं.

सहगुणकाचा उलगडा घरी झाला. बाबा मागच्या लांब भिंतीला लागून शेळ्यांसाठी जाळी मारणार होते. जाळी ४० मीटर, कुंपण तीनच बाजूंना. "सारख्या घेऊ ना वो तिनही बाजू, त्यात कायचा हिशोब!" बाबा म्हणाले. मी वही काढली. भिंतीपासूनची रुंदी क्ष, तर लांबी ४० − २क्ष, आणि जागा

य = −२क्ष² + ४०क्ष

−२ नं भागायचं नाही, तो कंसाबाहेर काढायचा: −२(क्ष² − २०क्ष). २० चं निम्मं १०, वर्ग १००. कंसात १०० मिळवून १०० वजा केले. हे वजा १०० कंसाबाहेर येताना −२ नं गुणले जातात, म्हणजे अधिक २०० होऊन येतात. इथं जपायचं ते एवढंच.

य = −२(क्ष − १०)² + २००

वर्ग कधी ऋण होत नाही. म्हणजे −२ वाला भाग २०० मधून काही ना काही कमीच करणार, फक्त क्ष १० असताना काही कमी करत नाही. रुंदी १०, लांबी २०, जागा २०० चौरस मीटर. रुंदी ९ घ्या नाहीतर ११, दोन्हीकडे १९८ च. बाबांच्या सारख्या बाजूंनी जवळपास १७८ झाली असती. त्यांनी खुंट १० मीटरवर ठोकले.

राशी अक्ष² + बक्ष + क अशी लिहिली, तर शिरोबिंदूचा क्ष −ब/२अ या सूत्रानं झटकन निघतो, परीक्षेत मीही तेच वापरते. पण जास्तीत जास्त किती आणि का, ते कंसाकडे पाहूनच समजतं.

३क्ष² + ५क्ष + १ सारखी राशी आली की अपूर्णांक छळतात. त्यावर जुने भारतीय गणितज्ञ श्रीधराचार्य यांची युक्ती आहे. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात ती उद्धृत केली आहे. सहगुणकाच्या चौपटीनं, इथं १२ नं, गुणायचं: १२य = (६क्ष + ५)² − १३. अपूर्णांक अगदी शेवटी, १२ नं भागतानाच येतो: य = ३(क्ष + ५/६)² − १३/१२. अशा राशीला मी आता हाच रस्ता धरते.