तबकड्यांची वही कशाला?

घरी येणारा प्रत्येक जण कपाट उघडं दिसलं की हेच विचारतो, यूट्यूबवर सगळी गाणी आहेत मग जुन्या नाचाच्या गाण्यांच्या या जड ग्रामोफोन तबकड्यांची नोंदवही कशाला लिहीत बसता? तुम्हीपण विचारलंत म्हणून सांगते.

गाणं यूट्यूबवर आहे हो, तबकडीच्या मधोमध चिकटवलेलं छापील लेबल कुठाय? आता 'अलबेला' घ्या, 1951 चा, भगवानदादांचा. 'शोला जो भडके' लागलं की आमच्याकडे गुडघेदुखीवालेसुद्धा उठून हात हलवायला लागतात, पण वहीत लिहायला बसलं की पहिलीच पंचाईत, गायक चितळकर आणि संगीतकार सी. रामचंद्र हा एकच माणूस, आपल्या पुणतांब्याचा, आणि बाकी काही पिक्चरना तोच राम चितळकर, तोच अण्णासाहेब! मी जे छापलंय तेच पेनाने लिहिते आणि खरं काय ते शेजारी पेन्सिलने. 'महल'च्या 'आयेगा आनेवाला'वर तर सुरुवातीला लताबाईंचं नावच नव्हतं, पिक्चरमधल्या पात्राचं 'कामिनी' छापलेलं. (हे नाचाचं गाणं नाही, माहितीये, पण राहवलं नाही.)

सगळ्यात मोठा रकाना शेऱ्याचा ठेवलाय, कारण वाजवणाऱ्यांची नावं माझ्याकडच्या एकाही लेबलवर नाहीत. रामचंद्रांचा असिस्टंट चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या आल्दोनाचा ट्रम्पेटवाला आंतोनियो वाझ, त्याच्यासारख्यांमुळे ही गाणी नाचायची झाली असं माझं स्पष्ट मत आहे, आणि लेबलवर त्याचा पत्ता नाही.

बाकी नंबरांचं काम कंटाळवाणं. तबकडीचा नंबर दोन्ही बाजूंना एकच, एचएमव्ही कंपनीचा 'एन'ने सुरू होतो, कोलंबिया कंपनीचा 'जीई'ने. मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाचा नंबर, मात्र प्रत्येक बाजूचा वेगळा, तो लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत असतो आणि टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसत नाही.

आणि एक, पुसायला स्पिरिट घेऊ नका. ही तबकडी लाखेची, सुतार पॉलिशसाठी चपडा, म्हणजे हीच लाख, स्पिरिटमध्येच विरघळवतात हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी चोरबाजारातून आणलेल्या एका तबकडीवर मी कापसाने स्पिरिट फिरवलं, काय चकाकली म्हणून सांगू, आणि मग सुई ठेवली तर नुसती खरखर. वहीत तिची नोंद मात्र पूर्ण आहे, दोन्ही बाजू, दोन्ही मॅट्रिक्स नंबर, गायक, संगीतकार. शेरा: वाजत नाही, चूक माझी.