गप्पींची वही: नऊ 'हिरव्या' शेपट्यांचा निकाल

मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की माझ्या टाकीतल्या गप्पी माशांत लाल शेपटीच्या आजोबांचे नऊ नातू हिरवट शेपटीचे निघाले. फक्त नरांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरचा लाल रंग एक्सवर उडी मारून गेल्याचा पुरावा माझ्या गॅलरीत पोहतोय, असंही वर लिहिलं होतं. ती नोंद आज मागे घेतो. मासे बरोबर होते. चुकलं ते कुठे आणि कसं सापडलं, हे मात्र सांगण्यासारखं आहे.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं जुनं घर. ओट्यावर तीन टाक्या होत्या, तीन वेगळ्या वाणांच्या. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, वीज गेली, एअर पंप बंद पडले. रात्री टॉर्चच्या उजेडात सगळे मासे एका पिंपात ओतून वरच्या मजल्यावर नेले. जीव वाचले, वाणांचा मात्र काला झाला. त्या दिवसांत रस्त्यांवर मगरी फिरत होत्या. पालीचीच थोरली बहीण, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर मगरीचं नातं पालीपेक्षा कावळ्याशी जवळचं. मगरी, डायनोसॉर आणि पक्षी एकाच शाखेतून फुटलेले. हे मी शेजारच्या जोशीकाकूंना गच्चीवरून सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "आधी खाली पाणी किती चढलंय ते बघा."

दिवाळीआधी नव्याने सुरुवात केली. दुकानातून एक फिकी मादी आणली आणि एकटीला बरणीत ठेवली. सहाव्या दिवशी पिल्लं. ठीक आहे, पोटुशी आली असेल. पण नर आसपास नसताना सत्ताविसाव्या दिवशी पुन्हा पिल्लं. दुकानदाराला विचारलं तर तो हसून म्हणाला, "काका, मादी तो भरेली ज आवे." बरोबरच होतं त्याचं. गप्पीची मादी एकदा मिळालेले शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते आणि त्यावर एकामागून एक वेत काढते. म्हणजे दुकानातल्या मादीच्या पिल्लांचा बाप कोण, हे देवालाही सांगता यायचं नाही. संकराची वही लिहायची असेल तर मादी कोरीच हवी, म्हणजे नराला कधीच न भेटलेली, आणि कोरी मादी विकत मिळत नाही. ती घरी पिल्लापासून वाढवावी लागते.

त्यासाठी तिसऱ्या आठवड्यापासून रोज भिंग घेऊन बसायचं. मादीच्या गुदद्वारामागचा पर पंख्यासारखा राहतो आणि पोटाखाली गडद डाग दिसू लागतो. नराचा तोच पर हळूहळू लांब होऊन काडीसारखा बनतो. समागमाचं इंद्रिय म्हणून तो तोच वापरतो. एक दिवस उशीर झाला की टाकी बाद. माझ्या दोन बाद झाल्या. मे महिन्यात भाचीला कमाटीबागेच्या म्युझियममध्ये घेऊन गेलो होतो. महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे तिथे. त्याच्या वल्ह्यात बोटांची हाडं मोजत ती म्हणाली, "मामा, हा तर पंजाच आहे." नवा अवयव कोऱ्या पाटीवर क्वचितच घडतो. हाताचं वल्हं होतं, पराचं इंद्रिय होतं.

आता प्रयोग. फिक्या अंगाच्या कोऱ्या माद्या आणि नेहमीच्या करड्या अंगाचा, लाल शेपटीचा एक नर. फिका रंग अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो; त्यात काळं रंगद्रव्य कमी असतं. पहिल्या पिढीत सगळी पिल्लं करडी, अपेक्षेप्रमाणे. या भावाबहिणींची जोडी लावली आणि दुसऱ्या पिढीत जगलेली ६८ मोजली: ४९ करडी, १९ फिकी. तीनास एक धरलं तर ५१ आणि १७ हवीत. दोनचा फरक, मेंडेलसाहेबांना हरकत नसावी. त्या रात्री मी बायकोला तीनदा आकडे वाचून दाखवले आणि चौथ्यांदा तिने दिवा मालवला.

शेपटीचा लाल रंग मात्र वेगळ्या वाटेने जातो. गप्पीच्या नरांचे कित्येक रंग वाय गुणसूत्रावर बसलेले असतात, म्हणजे बापाकडून मुलाकडे सरळ. मुलीकडे जातच नाहीत. हे योहानेस श्मिट यांनी १९२० साली याच माशावर दाखवलं, आणि कोपनहेगनच्या ऑयविंद विंगे यांनी १९२२ पासून त्याचा धागा पुढे नेला. क्वचित एक्स आणि वाय यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होऊन रंग इकडचा तिकडे जातो, हेही विंगे यांनी नोंदवलं. माझ्या दुसऱ्या पिढीतले ३१ नर एकाच आजोबांचं वाय घेऊन आलेले, म्हणजे सगळे लाल हवेत. माझ्या वहीत लाल २२ आणि हिरवट ९. मी हुरळलो. अदलाबदल इतक्या सर्रास होत नाही हे ठाऊक असूनही हुरळलो.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. ३१ पैकी करडे नर २२ आणि फिके ९. हिरवट म्हणून लिहिलेले नऊच्या नऊ करड्यांतले, फिक्यांत एकही नाही. त्याचाही मी अर्थ लावला होता: अंगाच्या आणि शेपटीच्या रंगाची जनुकं जवळ बसलेली असणार, एकत्र जाणार. त्या दोघांची घरंच वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, हे मी त्या घटकेला सोयीने विसरलो. हौशी माणसाला खुलासा सुचायला वेळ लागत नाही.

भाची सुट्टीत राहायला आली आणि वही उघडून टाकीसमोर बसली. पाच मिनिटांनी म्हणाली, "मामा, यात हिरवा कुठला?" मी बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "तो लाल आहे. गडद लाल."

आता कबुली. मला लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही. हे विशीतच कळलं होतं, रेल्वेच्या भरतीत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा मला सापडला नाही तेव्हा. पण इतक्या वर्षांत सवयीने चालवून घेता येतं. सिग्नल वर-खाली बघून ओळखतो, टोमॅटो दाबून. त्यामुळे शेपट्यांचे रंग लिहितानाही आपण चालवून घेतोय हे ध्यानात आलं नाही. लाल माझ्या डोळ्याला मंद, मातकट दिसतो. करड्या माशाच्या अंगात काळं भरपूर, ते शेपटीतही उतरलं की लाल आणखी दबतो आणि मी 'हिरवट' लिहितो. फिक्या माशात काळं कमी, म्हणून लाल उघडा पडतो आणि मला कळतो. जनुकांचं जवळ बसणं वगैरे काही नव्हतं. माशांचा फिका-करडा हिशोब बरोबर आला, कारण उजेड-अंधार मला कुणाहीइतका दिसतो.

गंमत अशी, की माझ्या डोळ्याची गोष्टही लिंगगुणसूत्राचीच, पण उलट्या वाटेची. आपल्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. त्यांतल्या लाल आणि हिरव्या रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्राच्या टोकाशी शेजारी-शेजारी आहेत. बहुतेक सस्तन प्राण्यांचं दोनच प्रकारांवर भागतं. आपल्या माकड-पूर्वजांत सुमारे तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एका जनुकाची दुसरी प्रत झाली आणि तिसरा प्रकार आला. दोन्ही प्रती एकमेकींसारख्या असल्याने अदलाबदलीत घोटाळे होतात, आणि ते माझ्यासारख्यांच्या वाट्याला येतात. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे झाकून घ्यायला दुसरं कुणी नाही. माझ्या मामांना हेच होतं. होळीला पिचकारी कुठल्या रंगाची भरलीये हे ते आम्हा मुलांना विचारत. मामांना आणि माझ्या आईला ते एकाच आजीकडून आलं, आईकडून मला. माझ्या मुलाला ते माझ्याकडून मिळणं शक्य नाही, त्याला मी फक्त वाय दिलं. मुलीकडे मात्र ते गेलेलंच आहे, दिसत नसलं तरी. ताईकडे आहे की नाही, निम्मी शक्यता. तिच्या मुलाला रंग व्यवस्थित दिसतात, पण एका मुलावरून आईचा निकाल लागत नाही. तो नशिबाने दुसरं एक्स घेऊन आलेला असू शकतो. हे गप्पी पाळूनच माझ्या डोक्यात शिरलं. एका वेतावर मी आता पैज लावत नाही.

इंग्लंडचे जॉन डाल्टन, अणुसिद्धांतवाले, त्यांनाही हाच दोष होता. १७९४ साली त्यांनी त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा असा त्यांचा तर्क. मेल्यावर डोळा उघडून बघा, असं त्यांनी सांगून ठेवलं. १८४४ मध्ये बघितला, तर द्रव स्वच्छ. डोळा जपून ठेवला होता, म्हणून १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून खरं कारण सापडलं: हिरव्याची शंकूपेशीच नव्हती. दीडशे वर्षं थांबले बिचारे. माझं काम भाचीने पाच मिनिटांत केलं.

आणि ज्या गप्पी मादीसाठी हा सगळा नटवेपणा चालतो, तिच्याकडे शंकूपेशींच्या रंगद्रव्यांची जनुकं नऊ. नवरा निवडायला ती माझ्यापेक्षा कितीतरी लायक.

तरीही नुसत्या भाचीच्या शब्दावर वही खोडायची माझी तयारी नव्हती. स्वतःला दिसेल असा काही उपाय हवा होता. माळ्यावर मागच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद पडला होता. तो डोळ्यासमोर धरला, टाकीमागे पांढरा पुठ्ठा लावला. लाल कागदातून लाल वस्तू पांढऱ्याइतकीच उजळ दिसते, हिरवी काळी पडते. म्हणजे रंगाचा प्रश्न उजेड-अंधाराचा होतो, आणि त्यात मी पक्का. तुळशीचं एक पान टाकीत सोडून आधी खात्री केली; काळं ठिक्कर. मग ते नऊ एकेक करून काचेच्या पेल्यात घेतले. नऊच्या नऊ शेपट्या उजळ निघाल्या. आठवा मासा दोनदा बघितला.

वहीत आता ३१ पैकी ३१ लाल आहेत. जुनी पानं फाडलेली नाहीत, फक्त लाल पेनाने रेघ मारलीये. पेन लाल आहे हे भाचीने सांगितलं.

यानेही रंग वायवरच आहे हे पुरतं सिद्ध होत नाही, कारण तो साध्या प्रभावी जनुकाचा असून फिक्या माद्यांकडूनही लपून आलेला असू शकतो. म्हणून पुढचा संकर उलटा लावलाय: याच लाल घराण्यातल्या कोऱ्या नाती, आणि बाहेरचा, शेपटीला अजिबात लाल नसलेला नर. रंग वायवर असेल तर या वेतातल्या एकाही मुलाची शेपटी लाल होता कामा नये. वायवर नसेल तर काही तरी होतीलच. मंगळवारी २३ पिल्लं झाली. दोन रात्रीत आईने गिळली, ती पिल्लांना लपायला टाकलेलं जावा मॉस हे पाणशेवाळ कमी पडल्याने. उरलेली २१ उकडलेल्या अंड्याच्या बलकावर आहेत. नळाचं पाणी दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून मगच घालतो. नर-मादी वेगळे करायला अजून अडीच आठवडे आहेत, आणि भाचीची शाळा त्याआधीच सुरू होतेय. जिलेटीन कागद मी टाकीच्या कडेला चिकटवून ठेवलाय.