फोटोतल्या पायऱ्या आणि आमचा डोंगर

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या देवस्की पंचांचा, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्यांचा, फोन आला, डोंगरावरच्या माउलीला पायऱ्या करायच्या हायत, वर्गणी जमलीय, तुम्ही नुसतं येऊन बघा. मी बेळगावात स्ट्रक्चरलची आणि साईटची कामं करतो, देवळांची तर भरपूर केलीत, सभामंडप म्हणा, कमान म्हणा, पाण्याची टाकी म्हणा. पायऱ्या म्हणजे लेव्हल घ्यायची, लाईन आउट द्यायचा, एस्टिमेट काढायचं, एक दिवसाचं काम. मे महिना होता, मुद्दाम मंगळवार धरला कारण देवीचा वार, लोकं येतात जातात ते बघायला मिळतं. हेल्परला घेऊन सकाळी लवकर पोचलो. चहा झाला आणि थोरल्या पंचांनी मोबाईल माझ्या नाकापुढं धरला.

"साहेब, अस्सं पाहिजे."

हिरवागार डोंगर, त्यावर पांढऱ्याशुभ्र भिंती, भिंतींना काळपट दगडाच्या कडा, आणि मधनं पायऱ्या डावीकडं उजवीकडं वळत वळत वर गेलेल्या. प्रत्येक वळणावर कट्टा, पुतळे, कारंजी. माथ्यावर दोन मनोऱ्यांचं चर्च आणि दोन्ही बाजूंनी कातरलेली बाग. गावातला एक पोरगा आधी गोव्याला हॉटेलात होता, आता पोर्तुगालला असतो, त्यानं ग्रुपवर टाकलेला फोटो. ते म्हणजे ब्रागा शहराजवळचं बॉम जेझुस दो मोंत. जुन्या गोव्याचं बॉम जेझुस बॅसिलिका आपल्याकडं शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच बघितलेलं असतं, ते वेगळं, हे तिकडं उत्तर पोर्तुगालातलं, 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं. तिथल्या आर्चबिशपनं 1722 ला या पायऱ्यांचं मोठं काम काढलं, आत्ताचं चर्च 1784 ला सुरू झालं आणि 1834 ला संपलं. म्हणजे शंभरावर वर्षं डोंगरावर काम चालूच. आमच्या पंचांना पुढच्या जत्रेआधी पाहिजे होतं.

मी हसलो नाही. गिऱ्हाईक फोटो दाखवतंय म्हणजे त्याला काहीतरी पाहिजे असतं, ते काय ते शोधणं हेच आपलं काम, नाहीतर फोटो काय कुणीही काढतंय.

पहिलं भांडण तिथं पायथ्यालाच. दोन पार्ट्या. एका पार्टीचं म्हणणं वळणं बिळणं काय नको, सरळ शिडीसारखं खालनं वरपर्यंत न्या, रस्त्यावरनं जाणाऱ्या गाडीतनं पण दिसलं पाहिजे. दुसऱ्या पार्टीला फोटोतल्यासारखी वळणं पाहिजेत, का तर शोभा. वळणं म्हणजे शोभा यावर मात्र दोघांचंही एकमत. मी म्हटलं आधी मोजू द्या की.

लेव्हल मशीन लावली, हेल्पर स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, धरून वर चढत गेला, दहा वाजेपर्यंत उंची निघाली, पायथ्यापासून देवळाच्या उंबऱ्यापर्यंत 41 मीटर. आडवं अंतर 70 मीटरच्या आसपास. ब्रागाच्या पायऱ्या चढतात 116 मीटर, म्हणजे आमचा डोंगर त्याच्या एक तृतीयांशाला थोडा जास्त. मग तिथंच दगडावर बसून पंचांच्या समोर हिशेब मांडला, कारण भांडणात आकडे टाकले की आवाज जरा खाली येतात. पायरीची उंची 15 सेंटिमीटर धरली, याच्यावर म्हाताऱ्या माणसाचा गुडघा ऐकत नाही, तर 41 मीटरला 273 पायऱ्या. पाय ठेवायला 30 सेंटिमीटर पाहिजे. (दोन उंच्या आणि एक रुंदी मिळून साधारण 60 सेंटिमीटर आलं पाहिजे, माणसाच्या पावलाचं माप ते, कुठल्याही मेस्त्रीला विचारा.) झालं 82 मीटर. शिवाय बारा-तेरा पायऱ्यांमागं एक विसाव्याचा कट्टा दीड मीटरचा, असे बावीसेक कट्टे, ते 33 मीटर. बेरीज 115. आणि सरळ रेषेत जागा 70.

"म्हणजे बसत न्हाय म्हणा की," सरळ पार्टीतले एक जण म्हणाले.

बसतंय, खरं कट्टे काढून टाकले आणि पायरीची रुंदी दहा इंच केली तर. उतरताना टाच टेकली की पुढचा चवडा हवेत. पावसाळ्यात, अनवाणी, डोक्यावर ओटीचं ताट घेऊन. वळण काय शोभेचं नसतंय वो, उरलेले 45 मीटर कुठंतरी ठेवायला लागतात, ते वळणात ठेवतात. ब्रागाच्या त्या पाथरवटांनीसुद्धा आधी हाच हिशेब घातला असणार आणि मग त्यावर पुतळे बसवले असणार, असं आपलं माझं मत.

आता जागा किती रुंद, तर देवस्थानाचा पट्टा चाळीस फूट, दोन्ही बाजूंना फॉरेस्टची हद्द. खानापूरकडं काम केलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. झाडाला हात लावायचा नाही आणि दगड एक फूट पलीकडं गेला तरी नोटीस. खरं आडवा टप्पा बारा पायऱ्यांचा घेतला तर साडेतीन-पावणेचार मीटर आणि दोन्ही टोकांना कट्टे, सगळं मिळून सात मीटरच्या आत बसतंय. चाळीस फुटात आरामात. मधे जिथं चढ मंदावतो तिथं सरळ टप्पे. सरळवाल्यांना पण काहीतरी मिळालं.

लेव्हलचं काम आटपलं तरी मी लगेच निघालो नाही. हेल्परला फक्कीची, खुणेच्या पांढऱ्या भुकटीची, पिशवी दिली आणि सांगितलं, पायवाटेनं चढणारा माणूस जिथं जिथं थांबेल तिथं एक चिमूट टाक. बारा-तेरा पायऱ्यांमागं कट्टा हे पुस्तकातलं झालं, माणूस पुस्तक बघून थांबत नाही. दुपारी दोनपर्यंत बरीच लोकं चढली, बायका जास्त. पहिली गर्दी जांभळीच्या झाडाखाली, ते सावलीमुळं सरळच आहे. दुसरी एका काळ्या खडकापाशी, तिथनं खालचं गाव आणि भाताची वाफं दिसतात, लोकं थांबतात आणि आपलं घर शोधतात, मी पण उभं राहून बघितलं. आणि तिसरी गर्दी देवळाच्या अगदी जवळ, वीसेक पावलं राहिली असतील तिथं. मला कळेना, आता पोचलेच की, इथं कोण दमतंय. मग नीट बघितलं तर बायका तिथं थांबून पदर सारखा करत होत्या, घाम पुसत होत्या, पोरांचे केस बसवत होत्या. एक जण नारळाची शेंडी सोलत बसलेली. दमून नव्हे, देवीपुढं उभं राहायच्या आधी जरा नीटनेटकं व्हायला. हा कट्टा कुठल्याही पुस्तकात नाही. तो मी ड्रॉइंगमध्ये सगळ्यात रुंद घेतला, बसायला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचा बाक आणि कडेला पाण्याचा नळ.

तीनच्या सुमारास वळीव आला. पश्चिमेकडनं एकदम काळं झालं, वारं सुटलं, मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून आम्ही देवळात पळालो, पंच पण आत, बायका पण आत. अर्ध्या तासात काय पडायचं ते पडलं. आणि देवळाच्या उंबऱ्यावरनं सगळ्यांनी बघितलं, पायवाट नव्हतीच, तिथनं लाल पाणी धो धो खाली चाललेलं, मुरूम घेऊन, फक्की घेऊन. फक्की गेली त्याचं काही नाही, अंतरं वहीत लिहिलेली होती. खरं ज्या रेषेत सरळ पायऱ्या मागत होते बरोबर त्याच रेषेत ओढा झालेला, ते मला सांगावंसुद्धा लागलं नाही. थोरले पंच बघत राहिले आणि म्हणाले, "दोन पावसाळ्यात पायऱ्या खाली रस्त्यावर मिळतील न्हवं?"

मग पाण्यावर बोलणं सुरू झालं ते तासभर. मी त्यांना सांगितलं की फोटोतल्या जागेत पाणीच तर खरं काम करतंय. तिथल्या एका टप्प्याला पंचेंद्रियांच्या पायऱ्या म्हणतात, प्रत्येक कट्ट्यावर एक कारंजं, एकात मूर्तीच्या डोळ्यातनं पाणी येतं, एकात कानातनं, नाकातनं, तोंडातनं. त्याच्या वर श्रद्धा, आशा आणि दानधर्म असे तीन टप्पे. एका तरण्या पंचाला ते डोळ्यातनं पाणी फार आवडलं, आपण पण करूया म्हणाला, तर मागं भिंतीला टेकून बसलेल्या मावशी म्हणाल्या, "मूर्ती कशाला रडवतोस रे, आम्ही येतोच की रडायला." तो विषय तिथंच संपला.

पोर्तुगालच्या त्या पोराला कुणीतरी व्हिडिओ कॉल लावला, रेंज येत जात होती, त्यानं तिथली गाडी दाखवली. ही माझी आवडती गोष्ट. 1882 पासून चालू आहे, दोन डबे एका दोराला बांधलेले, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड झाला की खाली उतरतो आणि उतरताना खालच्याला वर ओढतो, खाली आला की पाणी सोडून द्यायचं. वीज नाही, इंजिन नाही. बेळगावातल्या माणसाला लोखंडाचं आणि मशीनचं वेड असतंच, मी पंधरा मिनिटं त्यावरच बोललो असेन. लगेच थोरले पंच, "मग तेच करूया की साहेब." मी विचारलं एप्रिलमध्ये वर पाणी किती असतं. सगळे गप्प. वर पुजारी घागरीनं पाणी नेतो. जून ते सप्टेंबर नको एवढं पाणी आणि फेब्रुवारीपासून तांब्याला महाग, हे आपल्या घाटमाथ्याचं जुनंच दुखणं, मलप्रभा इथं कणकुंबीला उगवते आणि उन्हाळ्यात या भागातल्या बायका घागरी घेऊन चालतात.

म्हणून ड्रॉइंगमध्ये बाकी सगळं कमी केलं आणि पाणी वाढवलं. पायऱ्यांच्या दोन्ही कडेनं दगडी गटार, प्रत्येक वळणावर पाणी अडवून बाजूला काढायचं, वरच्या कट्ट्याखाली साठवण टाकी, देवळाच्या पत्र्याचं पाणी त्यात. पायरीला काळा दगड टाचलेला, गुळगुळीत नको, भिंतीला आपला जांभा चिरा. पॉलिश ग्रॅनाइट पाहिजे म्हणून एक जण अडून बसले होते, त्यांना ओल्या चपलेनं देवळातल्या नव्या फरशीवरनं चालून दाखवा म्हटलं, चालले नाहीत. बागेचं म्हणाल तर कातरलेली झाडं कोण कातरणार आणि गुरं काय काय ठेवणार. जांभळी आहे ती राहील, कडेनं सोनचाफा आणि अबोली, बास.

फॉरेस्टबरोबर हद्दीचा सर्व्हे अजून व्हायचाय, तोपर्यंत पायथ्यापासून जांभळीपर्यंतचाच पहिला टप्पा मंजूर झालाय. कुठल्या कट्ट्यावर कुणाची पाटी यावरनं मागच्या मीटिंगला परत वाजलं म्हणे. पदर सारखा करायच्या त्या रुंद कट्ट्याला अजून एकही देणगीदार मिळालेला नाही, सगळ्यांना पाटी पायथ्याला पाहिजे, रस्त्यावरनं दिसणारी.