सरपंचाच्या नावाची जागा सोडा

सांगलीत माझी लहानशी ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, विकास सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि निवडणूक लागली की पत्रकं. पत्रकाच्या तळाला छापणाऱ्याचं नाव आणि प्रतींची संख्या टाकावी लागते. त्यामुळे जिल्ह्यात दर निवडणुकीला सगळ्या पक्षांच्या कागदावर ज्याचं नाव असतं असा बहुधा मीच.

उमेदवार बदलतात, पक्ष बदलतात, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. पण २०१७ पासून बघतोय, खुद्द निवडणुकीचा नियमच दर खेपेला नवा येतो आणि पत्रकाचा मागचा साचा काही कामाचा राहत नाही.

जुलै २०१७ मध्ये फडणवीस सरकारनं सरपंच सदस्यांनी नव्हे, थेट गावानं निवडायचा ठरवलं. या निर्णयाच्या बाजूनं बोलणारे म्हणाले, सदस्यांची पळवापळवी थांबेल, फार्महाऊसवरच्या सहली बंद होतील. २०२० मध्ये महाविकास आघाडीनं ते रद्द केलं. त्यांचं म्हणणं, सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं, मग गावाचं काम अडतं. राज्यपालांनी अध्यादेशावर सही केली नाही, तेव्हा विधिमंडळात विधेयक आणून रद्द केलं. ३० जून २०२२ ला सरकार पालटलं आणि १४ जुलैला सरपंचही थेट, नगराध्यक्षही थेट. मंत्रिमंडळात तेव्हा मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघंच होते, खातेवाटप व्हायचं होतं. पण हा निर्णय थांबू शकत नव्हता!

गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची कारणं खरी आहेत. सहली मी पाहिल्यात आणि अडलेली गावंही पाहिलीत. पण सांगली-साताऱ्यात राहणाऱ्याला खरं कारण सांगावं लागत नाही. इथं जुन्या काँग्रेसवाल्यांची सत्ता उभी आहे ती कारखाना, सोसायटी, दूध संघ यांच्यावर. प्रत्येक वॉर्डात त्यांचा माणूस तयार असतो, म्हणून त्यांना पॅनेल सोयीचं. नव्यानं आलेल्या पक्षाला वॉर्डावॉर्डात माणूस कुठून मिळणार? त्याला एकच चालणारा चेहरा परवडतो. शिवाय ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. सरपंच थेट असला की निकालाच्या संध्याकाळीच टीव्हीवर ‘आमचे इतके सरपंच’ म्हणून आकडा फेकता येतो.

जानेवारी २०२१ ची निवडणूक मात्र मला जास्त आठवते. त्या वेळी आणखी एक बदल झाला होता. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आधी न काढता मतदानानंतर काढायची. कारण दिलं होतं सरपंचपदाचे लिलाव आणि खोटे जातीचे दाखले. तासगाव तालुक्यातल्या एका गावचे अण्णा निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आभार पत्रक छापायला आले. अकरातल्या आठ जागा त्यांच्या पॅनेलच्या.

‘‘मालक, सरपंचाचं नाव टाकू नका. जागा सोडा.’’

‘‘किती सोडू?’’

‘‘जरा जास्तच सोडा. बाईचं आलं तर नवऱ्याचंबी घालावं लागतंय.’’

सोडत निघाली ती अनुसूचित जाती महिला. त्या प्रवर्गातली एकच बाई निवडून आलेली होती आणि ती समोरच्या पॅनेलमध्ये. आठ जणांना उपसरपंचपदावर समाधान मानावं लागलं. माझ्याकडं पाचशे आभार पत्रकं पडून राहिली, अण्णा ती न्यायला आलेच नाहीत. त्या बाईनं चांगलं काम केलं असं ऐकतो. ते तिचं कर्तृत्व, नियम करणाऱ्याचं नव्हे.

महापालिकेचं गणित तर याहून सोपं. मुंबई सोडून राज्यात २०१२ ला प्रभाग दोनचा होता, म्हणजे एका प्रभागातून दोन नगरसेवक. २०१७ ला तो चारचा झाला. आघाडी सरकारनं आधी एकचा केला, मग २०२१ मध्ये तीनचा. २०२२ मध्ये पुन्हा चारचा. आमच्या सांगली-मिरज-कुपवाडमध्ये ७८ जागा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे चारच्या प्रभागात साधारण पंचवीस हजार माणसं. गल्लीतल्या नळाला पाणी आलं नाही तर रात्री धावणारा अपक्ष एवढ्या लोकांपर्यंत कसा पोचणार? तिथं चिन्ह आणि पैसा पोचतो. डमी मतपत्रिका छापायच्या तर प्रभागातल्या प्रत्येक जागेला वेगळा रंग, अ पांढरी, ब गुलाबी, क पिवळी, ड निळी. चार रंगांचा खर्च पक्ष करतो, अपक्ष माझ्याशी घासाघीस करून एका रंगात भागवतो. २०१८ ला इथं पहिल्यांदा भाजपची सत्ता आली, ४१ जागा. सगळं श्रेय प्रभागाला देणार नाही, लोकही आधीच्या कारभाराला कंटाळले होते. पण हातभार लागला.

आणि थेट निवडीचं एवढं प्रेम आहे तर महापौर थेट का नाही? जिल्हा परिषद अध्यक्ष सदस्यांतूनच निवडायचा हे ७३ व्या घटनादुरुस्तीनं ठरवून टाकलंय, तिथं राज्याला हात लावता येत नाही. महापौराचं तसं नाही, तो कसा निवडायचा हे विधिमंडळाच्या हातात आहे. तरी गावचा सरपंच थेट, नगराध्यक्ष थेट आणि महापौर नगरसेवकांच्या मतांवर. फेब्रुवारी २०२१ मध्ये भाजपचं बहुमत असताना राष्ट्रवादीचा महापौर ३९ विरुद्ध ३६ असा निवडून आला, हे सांगलीकरांना आठवत असेल. पळवापळवी थांबवायची असेल तर औषध सगळ्यात आधी इथं हवं.

या ओढाताणीत आणि ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकज्जात सांगलीची मुदत ऑगस्ट २०२३ ला संपली आणि मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. मधला सगळा काळ प्रशासक. सातारा नगरपालिकेत त्याहून जास्त. गटारीची तक्रार करायला नगरसेवकच नव्हता. साहेबांच्या केबिनबाहेर चिठ्ठी देऊन बसायचं.

माझी मागणी छोटी आहे. नियम हवा तसा बदला, पण तो पुढच्या निवडणुकीला लावू नका, त्याच्या पुढच्या निवडणुकीपासून लावा. तेव्हा सत्ता कुणाची असेल हे कुणालाच माहीत नसतं, मग जरा विचार करून बदलतील. एका माजी नगरसेवकांना हे बोललो तर म्हणाले, ‘‘मालक, असा कायदा कोण करंल? एकमत कसं व्हायचं?’’ मी त्यांना ७ मार्च २०२२ ची आठवण दिली. प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडं घेणारी विधेयकं त्या दिवशी दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर झाली. सत्ताधारी आणि विरोधक, सगळे मिळून, एका दिवसात.